सोडायचं कोणी, पोरीने की पोराने?

पत्र: "सप्रेम सलाम ताई. मी बत्तीस वर्षांची, नंदुरबारला एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. सासर नवापूर तालुक्यातल्या एका गावात. मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. सासू-सासरे, दीर-जावा, पोरंसोरं धरून घरात अकरा माणसं. नाइट करून सकाळच्या गाडीने घरी पोहोचते तेव्हा दहा वाजलेले असतात आणि पीठाची परात माझी वाट बघत असते. लग्नाला नऊ वर्षं झाली, पगाराचं एटीएम कार्ड पहिल्या महिन्यापासून सासऱ्यांच्या कपाटात आहे. माझे वडील वारले, आई साक्रीकडे एकटी असते. तिला औषधाला पैसे पाठवायचे तर मला हात पसरावा लागतो. सासरे मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत आहेत. रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत विषय बहुतेक वेळा माझाच असतो. कधी 'पतीच्या अधीन असा', कधी बायबलमधल्या रूथ या सुनेचं उदाहरण. सात वर्षांच्या मुलाचे पाढे चुकले की निंबाच्या काडीने मारतात, म्हणतात शास्त्रातच आहे. नंदुरबारला दोन खोल्या भाड्याने घेऊ म्हटलं, तर 'ख्रिस्ती घर मोडायला निघाली' असं झालं. मिस्टर काहीच बोलत नाहीत. वेगळं राहणं पाप आहे का? सासूबाईही बोलत नाहीत. पण नाइट करून आले की चुलीजवळ टोपल्याखाली एक भाकरी झाकलेली असते, एवढं सांगायला हवं."

सप्रेम सलाम ताई,

पाप नाही. आधी एवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमच्या लग्नात पाळकांनी बायबलच्या उत्पत्ती पुस्तकातला दुसरा अध्याय वाचला असेल. वाचतातच. "पुरुष आपल्या आईबापास सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील." भुसावळपासून नवापूरपर्यंत किती लग्नांत मी हे ऐकलं त्याचा हिशेब नाही. वाचून झालं की आमेन होतं, आमेन झालं की जेवणं होतात, आणि संध्याकाळी गाडीच्या दाराशी गळ्यात पडून रडतं कोण? पोरगी. आईबापाला सोडून निघते ती पोरगी. पोरगा जिथे जन्मला त्याच ओट्यावर दुसऱ्या दिवशी चहा पीत बसलेला असतो. वचनात मात्र सोडायचं काम पोराला सांगितलं आहे, पोरीला त्या वाक्यात एका शब्दानेही नाही. इतक्या वेळा ऐकून हे आपल्या कानात शिरत नाही, याचं मला आताशा नवल वाटत नाही, थोडा राग मात्र येतो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुमचे सासरे हे पत्र वाचतील (वाचतीलच) आणि म्हणतील, बाईने अर्धंच शास्त्र सांगितलं. त्याच उत्पत्तीत इसहाक आपल्या बायकोला, रिबकेला, घेऊन येतो तो आपल्या आईच्या तंबूत. बाप अब्राहाम हयात होता. तेव्हा 'सोडणं' म्हणजे बिऱ्हाड हलवणंच, असा अर्थ कोणी लावला तर तोही अपुरा. पुण्यात फ्लॅट घेऊन राहणारी आणि फ्रीज कोणता घ्यायचा ते गावी फोन करून विचारणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांनी काहीही सोडलेलं नाही. आणि खटल्याच्या, म्हणजे मोठ्या एकत्र घरात, एकाच चुलीवर जेवून, बायकोच्या बाजूने नीट उभे राहणारे नवरेही पाहिलेत. कमी, पण पाहिलेत. बायकोचं आणि आपलं जे ठरेल ते आधी, आईबापाचं मत त्यानंतर, असा क्रम लावणं म्हणजे सोडणं. तुमच्या घरात तो क्रम लागलेला नाही. तो अकरा माणसांत लागणार नसेल, तर दोन खोल्यांत लावून बघा.

सासरे ज्याला 'ख्रिस्ती घर' म्हणतात, त्यात ख्रिस्ती किती आणि गावची रीत किती, हे एकदा चाळणीतून काढायला हवं. मोठं खटलं आपल्याकडे शेतीने टिकवलं. तुमच्या नवापूरकडे भाताच्या लावणीला, आमच्या तापीकाठी केळीच्या बागेला हात लागतात, घरचेच हात परवडतात. चांगलीच व्यवस्था आहे ती, मी त्यातच वाढले. पण ती ख्रिस्ताची सुवार्ता येण्याच्या आधीपासूनची आहे. तुमच्या शेजारच्या घरात शास्त्र नाही, प्रार्थना नाही, तरी तिथल्या सुनेचा पगारही कपाटातच असेल. मग आपल्या कपाटाला वेगळं नाव कशाला?

'अधीन असा' हे वचन इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं. सासऱ्यांनी प्रार्थनेत बाविसावं वचन वाचलं असेल. पुढच्या वेळी, शक्य असेल तर, एक वचन आधीपासून वाचायची विनंती करा: "ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा." एकमेकांच्या. मूळ ग्रीकच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते या एकविसाव्यातून ओढून घ्यावं लागतं. आणि पुढे मोजून बघा. बायकांसाठी तीन वचनं, नवऱ्यांसाठी जवळजवळ नऊ. बायकोने अधीन असावं, तर नवऱ्याने कसं असावं? ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती करून तिच्यासाठी स्वतःला अर्पण केलं तसं. भाकरीची परात पुढे सरकवण्याइतकं सोपं नाही ते. नवरा कुटुंबाचं मस्तक आहे असं शिकवणाऱ्या मंडळ्या पुष्कळ आहेत, तसं मानून फार प्रेमाने संसार केलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण त्या मस्तकाचं माप क्रूस आहे, कपाटाची किल्ली नाही. आणखी एक: वचनात 'आपापल्या पतीच्या' असं आहे. सासऱ्याचा उल्लेख त्यात मला शोधूनही सापडला नाही.

रूथचं तर मला हसूच आलं. "तू जाशील तिकडे मी येईन" हे सुनेने सासूला म्हटलेलं आहे, खरं आहे. पण त्याच्या आधी काय होतं? सासू नामी दोन्ही सुनांना, रूथ आणि अर्पा यांना, म्हणते, तुम्ही आपापल्या माहेरी परत जा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणते. सासूने दार पूर्ण उघडं ठेवलं, म्हणून रूथच्या राहण्याला किंमत आली. अर्पा परत गेली, तिला शास्त्राने एका शब्दाने दूषण दिलेलं नाही. दाराला कडी लावून मग सुनेने रूथसारखं वागावं म्हणणं, ही ती गोष्ट नव्हे.

तुमच्या घरच्या प्रार्थनेत नारायण वामन टिळकांची भजनं होत असतील. त्यांच्याच घरचं सांगते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं म्हणजे ताटातूट, लोकांची बोलणी, पुन्हा एकत्र येणं, आणि एका छपराखाली दोन मनं. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. तरी बाईंनी पाऊल टाकलं ते त्यांचं स्वतःचं मन वळल्यावर. मराठी ख्रिस्ती घराचा एवढा मोठा नमुना आपल्याकडे आहे, आणि त्यात बाईला तिचा वेळ मिळालेला आहे.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. नवापूरच्या स्टेशनवरचं ते बाकडं तुम्ही रोज बघता. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लोक तिथे फोटो काढतात. बसायला गंमत वाटते, पण त्या बाकड्यावर संसार मांडता येत नाही. तुमचे मिस्टर नऊ वर्षं तिथे बसलेत. एका बाजूला बाप, एका बाजूला बायको, आणि आपण बोललो नाही म्हणजे कोणाला दुखावलं नाही असं त्यांना वाटतं. दुखावलं जातंय ते एकाच बाजूला, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि ते तुम्हीच. सासऱ्यांशी तुम्ही बोलू नका. तुम्ही बोललात की ते 'सुनेचं तोंड' होतं, मूळ मुद्दा बाजूला राहतो. बापाशी पोराने बोलायचं. धुळ्याच्या माझ्या आत्या म्हणायच्या तसं, "इतलं सोपं नही ते, माय." नाहीच सोपं. मला ठाऊक आहे, कारण माझ्याही घरात हे झालं.

मी भुसावळला प्राथमिक शाळेत शिकवत होते, हे रेल्वेत गार्ड. तेव्हा पगार रोख मिळायचा, पाकिटात. पाकीट न उघडता सासऱ्यांच्या हातात द्यायचं, हे मला कोणी सांगितलंही नव्हतं. मोठ्या जाऊबाई देत होत्या, मीही दिलं. एकदा आईला लिहायचं म्हणून आंतर्देशीय पत्राचे पैसे मागितले. सासरे म्हणाले, "परवाच तर टाकलं होतं." खरंच परवाच टाकलं होतं. मी आत गेले, वहीचं एक पान फाडलं, त्यावर पेन्सिलीने आईला लिहिलं आणि घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. का ठेवलं कुणास ठाऊक, तिकीट तर नव्हतंच. महिनाभराने डबा रिकामा केला तेव्हा ती घडी ह्यांच्या हाती लागली. वाचलं, मला काही बोलले नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर बापाला म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तिचं पाकीट तिच्याजवळ राहील." रात्री-अपरात्री मालगाडी घेऊन जाणारा माणूस, पण त्या एका वाक्याला कपाळावर घाम आला होता. सासरे तीन आठवडे आमच्याशी बोलले नाहीत. पुढे आम्हाला क्वार्टर मिळालं, तर उपासना सुटल्यावर दर रविवारी जेवायला पहिले तेच हजर. शेवभाजीत तिखट कमी आहे म्हणून कुरकुरायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

तर मिस्टरांना एकांतात गाठा. घरात नाही, घरात भिंतींना कान आहेत. त्यांना नंदुरबारला बोलवा, ड्यूटी सुटल्यावर. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात भांडण मिटवायची रीत दिली आहे: आधी दोघांनीच एकांतात, ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन, आणि मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे उलटं चाललंय, रोज रात्री प्रार्थनेत आधी जाहीर. मिस्टर बापाशी बोलले आणि जमलं नाही, तर पाळकांकडे जा. तुमचे पाळक पंचांपुढे बोलायला कचरत असतील, तर पाळकीणबाईंना सोबत घ्या. बऱ्याच गोष्टी त्यांच्याकडूनच मार्गी लागतात. तुम्ही प्रोटेस्टंट दिसता, तरी सांगते: रोमच्या, म्हणजे कॅथलिक, मंडळीतही हीच शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावर लिहिलं, त्यात आईबापाला टाकून द्यायचं नाही, पण लग्न म्हणजे त्यांना 'सोडणं' आलंच, असं स्पष्ट आहे.

पैशाचं. कपाटातलं कार्ड तुमचं आहे आणि पगारही तुमचा आहे. ख्रिस्ती बाईच्या बाबतीत हे काही कालचं नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे. नोकरी करून मिळवलेली कमाई ही बाईची स्वतःची स्वतंत्र मालमत्ता, असं त्यात लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या राज्यात कमाईची ही तरतूद हिंदू, मुसलमान बायकांना लागू नव्हती, ख्रिस्ती बायकांना होती. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जे आपलं ठरलं, ते कपाटात ठेवून आपण आज प्रार्थना करतो आहोत. चोरून काही करू नका. मिस्टरांना आधी सांगा, मग बँकेत जाऊन कार्ड हरवल्यासारखं न दाखवता सरळ नवीन मागा, मोबाइल नंबर तुमचा लावा.

पण हात मोकळा झाला म्हणून हात आखडायचा नाही. येशूने परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, सगळ्यात जास्त झापलं त्यातली एक जागा म्हणजे कुर्बानची: देवाला वाहिलं असं म्हणून आईबापाला द्यायचं टाळायची पळवाट. "आम्ही आता वेगळे" ही तशीच पळवाट होऊ शकते. सासू-सासऱ्यांना दर महिन्याला किती, हे दोघांनी बसून ठरवा, आकडा कागदावर लिहा, आणि पगार झाल्या दिवशी तो आधी काढा. लावणीला, आजारपणाला, सणाला हजर राहा. नाताळात गावीच जा, करंज्या तिथेच करा. 'घर मोडलं' हे म्हणायला कोणाला जागा ठेवू नका.

आणि तुमची आई. तिच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही माफी मागितल्यासारखी. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याच्या घरी जातो तेव्हा तापाने निजलेली कोण असते? पेत्राची सासू. म्हणजे बायकोची आई. जावयाच्या घरात. त्याच घरात पेत्राचा भाऊ आंद्रियाही आहे. एकत्र कुटुंबच ते, पण त्यात बायकोच्या आईला जागा आहे. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही आज्ञा मुलग्यांपुरती दिलेली नाही. साक्रीच्या औषधाचे पैसे हा तुमच्यावर कोणाचा उपकार नव्हे. नंदुरबारला खोल्या घेतल्यात तर आईला चार-आठ दिवस आणा, आणि कोणी विचारलं तर पेत्राचं नाव सांगा.

मुलाचं मात्र खोल्या मिळेपर्यंत थांबवू नका. नीतिसूत्रांत छडीचं वचन आहे, नाकारत नाही. पण प्रेषित पौल आपल्या पत्रांत बापांना सांगतो, मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैच्या पत्रात पुढे कारणही देतो, ती खिन्न होतील. पाढे चुकले म्हणून काडी खाणारं पोर पाढे शिकत नाही, काडी कुठे ठेवली आहे ते शिकतं. पस्तीस वर्षं वर्गात काढली, हे मी शपथेवर सांगेन. आणि तुमचे मिस्टर तर गुरुजी आहेत. शाळेत त्यांनी पोरावर हात उचलला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली त्यांच्यावर कारवाई होईल. दुसऱ्यांच्या पोरांना जे संरक्षण ते रोज देतात, ते स्वतःच्या पोराला संध्याकाळी सात वाजता देत नाहीत. हे वाक्य त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवा. बापाशी बोलायची सुरुवात पगारापासून करण्यापेक्षा इथून करणं त्यांना सोपं जाईल: "बाबा, याचे पाढे यापुढे मी घेईन." बस, एवढंच म्हणायचं आणि काडी उचलून चुलीत घालायची.

तुमच्यावर कोणी हात टाकल्याचं पत्रात नाही. नसेलच असं धरते. असेल आणि लिहायचं राहिलं असेल, तर वरचा सगळा क्रम विसरा. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, तिथे आधी फोन करा, अधीनतेचं मग बघू.

आता टोपल्याखालची भाकरी. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत, पण पत्र वाचून खाली ठेवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तेवढीच राहिली. अकरा माणसांच्या घरात पहाटेच्या भाकरीतली एक बाजूला काढायची, ती कोणी उचलू नये म्हणून टोपलं पालथं घालायचं, आणि त्याबद्दल नऊ वर्षांत एक शब्द बोलायचा नाही. त्या बाईचा स्वतःचा पगार कधी नव्हता, पण कपाटाची किल्ली तिच्याही हातात कधी आली नसणार. सासऱ्यांच्या नावाने तुम्ही तिला एकाच टोपलीत घालू नका.

खोल्यांचं डिपॉझिट भरायच्या आधी सासूबाईंना एकदा नंदुरबारला घेऊन जा. कारण काहीही सांगा, डोळे तपासायचे आहेत म्हणा. वयाने डोळे तपासायचे असतातच, खोटं होणार नाही. खोल्या दाखवा. पाणी किती वाजता येतं, ओटा कुठल्या बाजूला, दुपारचं ऊन कुठून लागतं, हे त्या दोन मिनिटांत बघून घेतील. त्यांना काही विचारू नका. परतीच्या गाडीत त्या काय बोलतात, ते मला कळवा.